सी.ए.चा पुढचा अटेम्प्ट : कोकणात राहून पुन्हा तयारी कशी करावी

मे २०२४ मध्ये सी.ए.च्या शेवटच्या टप्प्याच्या, म्हणजे फायनलच्या, दोन्ही ग्रुपना (पेपरांच्या दोन्ही संचांना) एकत्र बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी १९.८८ टक्के विद्यार्थी दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाले. त्याच वेळी झालेल्या इंटरमिजिएटमध्ये, म्हणजे त्याआधीच्या टप्प्याच्या परीक्षेत, हे प्रमाण १८.४२ टक्के होते. म्हणजे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्या पाचांपैकी चौघांना निकालाच्या दिवशी निदान एका ग्रुपचा तरी पुन्हा विचार करावा लागतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी किंवा श्रीवर्धनच्या बाजूला राहून ही परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना हे आकडे ठाऊक असतात. तरीही निकाल हाती आल्यावर ‘आता काय करायचे’ या प्रश्नाला बहुतेकांना एकच उत्तर मिळते, ते म्हणजे ‘आणखी जोर लाव’. हे उत्तर अपुरे आहे. त्याच नोट्स, तेच व्हिडिओ आणि तीच पद्धत अधिक तास वापरली, तर गुण थोडे इकडेतिकडे हलतात, निकाल मात्र बहुधा तोच राहतो. पुढच्या अटेम्प्टची आखणी मागच्या उत्तरपत्रिकेपासून सुरू झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

गुणपत्रिका नियम समोर ठेवून वाचावी

ग्रुप उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपच्या एकूण गुणांत किमान ५० टक्के लागतात, हे सर्वांना माहीत असते. पण या दोन अटी दोन वेगवेगळ्या प्रकारे अडवतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो, इकडे दुर्लक्ष होते. तीन पेपरांच्या ग्रुपात एखाद्या विद्यार्थिनीला ४१, ४३ आणि ५८ गुण मिळाले, तर ती तिन्ही पेपरांत पास आहे, पण एकूण १४२ होत असल्यामुळे आठ गुणांनी ग्रुप राहतो, आणि पुढच्या वेळी तिला तिन्ही पेपर नव्याने लिहावे लागतात. दुसऱ्या एकाला ७२, ६५ आणि ३८ मिळाले, तर त्याचे एकूण १७५ झाले तरी ३८ मुळे ग्रुप राहतो. पण ६० किंवा त्याहून अधिक गुणांच्या दोन्ही पेपरांत त्याला एक्झम्प्शन, म्हणजे ते पेपर पुन्हा न देण्याची सवलत, मिळते. ही सवलत लगतच्या पुढच्या तीन परीक्षांसाठी चालते, आणि सवलतीच्या पेपरांचे गुण एकूणात धरले जातात. त्याचे १३७ गुण आधीच जमा असल्यामुळे त्याला उरलेल्या पेपरात फक्त ४० ची रेषा ओलांडायची आहे.

पहिल्या विद्यार्थिनीने सगळ्या विषयांवर सारखा वेळ घालवला, तर ते तिच्या फायद्याचे नाही. ५८ चा पेपर ६५ वर नेणे आणि ४१ चा ४८ वर नेणे, या दोन कामांत तिचा ग्रुप सुटतो. एवढे करूनही काही कारणाने ग्रुप राहिलाच, तर ६५ चे एक्झम्प्शन हाती उरते. म्हणून आपला सर्वांत बळकट विषय ‘तो येतोच’ म्हणून बाजूला ठेवू नये. अटेम्प्टमागून अटेम्प्ट देणाऱ्यांकडून ही चूक वारंवार होताना दिसते: भीती ज्या विषयाची असते त्यावर सगळा वेळ जातो, आणि जिथे साठी गाठणे सहज शक्य होते तिथे ५५-५६ वर समाधान मानावे लागते.

दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत की एकेक, हाही निर्णय गुणांवरूनच घ्यावा. एकत्र दिल्यास, प्रत्येक पेपरात ४० असतील तर, दोन्ही ग्रुपांचे गुण मिळून ५० टक्के झाले तरी पुरते. एका ग्रुपात १३८ आणि दुसऱ्यात १६५ असले तर ३०३ धरून दोन्ही सुटतात. ज्याच्या एका ग्रुपात शिल्लक गुण निघण्याची खरी शक्यता आहे, त्याला या नियमाचा आधार मोठा आहे. ज्याचे दोन्हीकडचे गुण चाळिशीच्या आसपास रेंगाळत आहेत, त्याने एकच ग्रुप घ्यावा.

एक्झम्प्शनची तीन परीक्षांची मुदत संपल्यावर ते कायम करून घेण्याचा पर्याय आता आहे. मात्र तो निवडल्यास उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० गुण लागतात. उरलेला एकच पेपर ४५ च्या पलीकडे जात नसेल, तर हा पर्याय स्वीकारण्यापूर्वी जाणत्या माणसाशी बोलावे.

उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवावी

निकालानंतर ठरलेल्या मुदतीत आयसीएआयकडे, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे, शुल्क भरून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. वेगळा अर्ज करून गुणांची पडताळणीही मागता येते. पण तिच्यात फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहिले जाते, गुण नव्याने दिले जात नाहीत. त्यामुळे पडताळणीच्या आशेवर महिना घालवू नये. प्रत मात्र, निदान ज्या पेपरांनी ग्रुप अडवला त्यांची, जरूर मागवावी. एखाद्या छोट्या क्रॅश कोर्सच्या पैशांपेक्षा ही रक्कम पुष्कळ कमी असते, आणि तिच्यातून मिळणारी माहिती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

प्रत आली की आयसीएआयचे बोर्ड ऑफ स्टडीज त्या परीक्षेची जी सजेस्टेड आन्सर्स प्रसिद्ध करते, ती शेजारी ठेवून प्रत्येक प्रश्नात गेलेल्या गुणांचे कारण समासात लिहावे. कारणे साधारण चार प्रकारची निघतात. काही ठिकाणी विषयच माहीत नव्हता. काही ठिकाणी माहीत होता, पण वेळ संपला. काही ठिकाणी लिहिले, पण ज्या रीतीने लिहायला हवे त्या रीतीने लिहिले नाही. आणि काही ठिकाणी प्रश्नच नीट वाचला गेला नाही. चारही रकान्यांत किती गुण गेले याची बेरीज करावी. बहुतेक विद्यार्थी पहिला रकाना सर्वांत मोठा असेल असे गृहीत धरतात, आणि ४० ते ५० गुणांच्या दरम्यानच्या उत्तरपत्रिकेत अनेकदा तिसरा रकाना त्याच्याहून मोठा निघतो.

तिसऱ्या रकान्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिथले गुण नवीन वाचन न करता परत मिळवता येतात. कायद्याच्या पेपरात उत्तर ‘होय, कंपनीचे म्हणणे बरोबर आहे’ असे सुरू होऊन तिथेच संपले, तर निष्कर्ष बरोबर असूनही गुण थोडेच मिळतात. आधी तरतूद, मग दिलेल्या घटनेला ती कशी लागू होते, आणि शेवटी निष्कर्ष, अशा तीन परिच्छेदांत तेच उत्तर मांडले तर तपासणाऱ्याला प्रत्येक टप्प्याचे गुण देता येतात. ऑडिटच्या पेपरात ऑफिसातल्या अनुभवावर आधारलेली सर्वसाधारण वाक्ये लिहिण्याचा मोह होतो. पतसंस्थेचे किंवा काजू कारखान्याचे ऑडिट प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलांना तर तो जास्तच होतो. पण तिथे संबंधित ऑडिटिंग स्टँडर्डमधली भाषा आणि त्यातले मुद्दे अपेक्षित असतात. स्टँडर्डचा क्रमांक खात्रीने आठवत असेल तरच लिहावा. चुकीचा क्रमांक लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा. अकाउंट्स, कॉस्टिंग आणि एफ.एम.मध्ये (फायनान्शियल मॅनेजमेंटमध्ये) वर्किंग नोट्स, म्हणजे आकडा कसा काढला ते, न लिहिता थेट आकडा मांडला आणि तो चुकला, तर सगळे गुण जातात. नोट्स लिहिल्या असतील तर जिथपर्यंत गणित बरोबर आहे तिथपर्यंतचे गुण मिळू शकतात.

बहुपर्यायी प्रश्न वेगळे काढून पाहावेत. इंटर आणि फायनलच्या पेपरांत आता ३० टक्के गुण घटनांवर आधारलेल्या बहुपर्यायी प्रश्नांना आहेत आणि त्यांना उणे गुण नाहीत, म्हणून तिथे एकही जागा रिकामी ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे फाउंडेशनच्या, वस्तुनिष्ठ पेपरांत मात्र चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, हा फरक लक्षात ठेवावा. ३० पैकी १४ मिळवणाऱ्याने वर्णनात्मक भागाशी झगडण्याआधी हे १४ वीसवर नेण्याचा विचार करावा.

हे सगळे एकट्याने करताना आपल्याच उत्तराची बाजू घेण्याकडे मन झुकते. रत्नागिरीत आयसीएआयच्या पश्चिम विभागीय परिषदेची शाखा आहे, आणि तालुक्याच्या गावांतही नुकतेच उत्तीर्ण झालेले सी.ए. भेटतात, त्यांच्यापैकी एकाकडे उत्तरपत्रिका घेऊन जावे आणि ‘मी काय वाचू’ असे न विचारता ‘या उत्तराला तुम्ही किती गुण दिले असते’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या तासात मिळते आणि ते वर्षभर उपयोगी पडते.

कोणता अटेम्प्ट घ्यायचा, हे आपल्या वर्षाकडे पाहून ठरवावे

परीक्षा आता वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास होते, आणि प्रत्येक निकालानंतर पुढच्या परीक्षेपर्यंत साधारण दोन महिनेच उरतात. हे सोयीचे वाटते, पण दर वेळी बसायचेच असा नेम केला तर उत्तरपत्रिका तपासून पद्धत बदलायला वेळच मिळत नाही. एक किंवा दोन पेपर उरले असतील, किंवा ग्रुप दहा-पंधरा गुणांनी राहिला असेल, तर लगेचचा अटेम्प्ट घ्यावा. दोन पेपर पस्तिशीच्या खाली असतील तर मधला एक अटेम्प्ट सोडून द्यावा, आणि तो सोडल्याचे घरी आधीच सांगून टाकावे.

कोकणातल्या घरांत या तीन परीक्षांचे स्वरूप सारखे नसते. मेची परीक्षा आंब्याच्या ऐन हंगामात येते. देवगड, राजापूर, रत्नागिरीच्या बागायतदार घरांत तेव्हा पेट्या भरण्यापासून गाडी लावण्यापर्यंत प्रत्येक हाताची गरज असते, आणि अभ्यासाला बसलेल्या मुलाला बोलावले नाही तरी त्याचे लक्ष अंगणात जाते. सप्टेंबरची परीक्षा गणपतीच्या आगेमागे असते. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. ज्या वर्षी सण आणि पेपर जवळ येतील, त्या वर्षी आरत्या, भजने, गौरी आणि मुंबईहून आलेले चाकरमानी यांनी भरलेल्या घरात शेवटची उजळणी होणार नाही, हे गृहीत धरूनच वेळापत्रक करावे. शिवाय जे सी.ए. ऑफिसात नोकरी करून परीक्षा देतात, त्यांच्यासाठी ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची नेहमीची मुदत तेव्हाच डोक्यावर असते. जानेवारीत मोहोराच्या फवारण्या चालू असल्या तरी पाऊस नसतो, सण नसतो, ऑफिसातला ताणही उतरलेला असतो. दोन्ही ग्रुप एकत्र देण्यासारखे मोठे काम असेल तर माझा कौल जानेवारीला आहे. उरलेला एखादा पेपर मे किंवा सप्टेंबरातही देता येतो.

ज्यांना सप्टेंबरच घ्यायचा आहे त्यांनी जून-जुलैमध्ये पहिली संपूर्ण फेरी संपवावी. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जाते, म्हणून व्हिडिओवर अवलंबून असलेल्या विषयांचे भाग मे महिन्यातच उतरवून ठेवावेत आणि पावसाळ्यात छापील पुस्तकावर काम करावे.

जुन्या नोट्स कोणत्या टाकायच्या

दुसऱ्या-तिसऱ्या अटेम्प्टला बसणाऱ्याकडे नोट्सचा ढीग असतो आणि त्यावर त्याचा जीवही असतो. पण कराच्या पेपरांत हा ढीग धोक्याचा आहे. १९६१ चा आयकर कायदा जाऊन त्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे, आणि कलमांची मांडणी व क्रमांक बदलले आहेत. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. कोणत्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, हे आयसीएआय प्रत्येक परीक्षेसाठी स्वतंत्रपणे जाहीर करते. ती सूचना छापून टेबलासमोर लावावी आणि तिच्याशी न जुळणारी प्रत्येक वही माळ्यावर टाकावी. रिव्हिजन टेस्ट पेपर, म्हणजे आरटीपी, त्या-त्या परीक्षेसाठी नव्याने निघतो. जुना आरटीपी सरावाला चालतो, पण दुरुस्त्यांसाठी नवाच पाहावा. अकाउंट्स, कॉस्टिंग आणि एफ.एम.च्या वह्या मात्र जपून ठेवाव्यात. त्या विषयांत नव्या नोट्स काढत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. तो वेळ गणिते हाताने सोडवण्यात जावा.

रोजचे काम

पहिल्या अटेम्प्टच्या अभ्यासात वाचन जास्त आणि लेखन कमी असते. पुढच्या अटेम्प्टमध्ये हे प्रमाण उलटे करावे. उत्तरपत्रिकेत ज्या रकान्यात जास्त गुण गेले, त्यावरून दिवसाचा पहिला तास ठरवावा. लेखनाची रीत चुकत असेल तर रोज सकाळी दोन सैद्धांतिक उत्तरे वेळ लावून लिहावीत आणि लगेच सजेस्टेड आन्सरशी ताडून पाहावीत. वेळ पुरत नसेल तर तीन तासांचे संपूर्ण पेपर लिहिण्यावाचून दुसरा उपाय नाही. बहुतेक पेपर दुपारी दोन ते पाच या वेळात होतात आणि त्याआधी १५ मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला मिळते. सरावही त्याच वेळी करावा. मेच्या परीक्षेला बसणाऱ्याने एप्रिलमध्ये दुपारी दोनला, घामाने ओला झालेला हात कागदाला चिकटत असताना, पेपर लिहिण्याची सवय करून घ्यावी, कारण परीक्षेच्या खोलीत याहून थंड हवा मिळेलच असे नाही. आयसीएआयच्या मॉक टेस्ट पेपरांच्या मालिका याच कामासाठी आहेत. त्या वाचून काढणे म्हणजे त्या वाया घालवणे होय.

घरात जागा नसेल तर गावच्या वाचनालयात चौकशी करावी. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे आहे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. अशा संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना भेटून आपण कोणत्या परीक्षेला बसत आहोत हे सांगितले, तर कोपऱ्यातले एखादे टेबल मिळण्याची शक्यता असते. नोकरी करणाऱ्यांना रोज सहा तास मिळणार नाहीत, आणि मिळतील अशा समजुतीवर वेळापत्रक केले तर दुसऱ्या आठवड्यात ते मोडते. सकाळचे दोन तास आणि रात्रीचा एक तास खात्रीने मिळत असेल, तर तेवढ्यावर एक ग्रुप बसवावा आणि शेवटच्या महिन्याची रजा ऑफिसात पुष्कळ आधी मागून ठेवावी.

घर, गाव आणि पैसा

कोकणातल्या गावात निकाल खासगी राहत नाही. एस.टी. स्टँडवर, देवळात, लग्नात कोणीतरी विचारतेच, ‘काय गो, रिझल्ट लागलो काय?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपुलकीच असते. पण तोच प्रश्न दहा जणांकडून ऐकणाऱ्या मुलीला घराबाहेर पडणे नकोसे होते. यावर एक साधा उपाय असा की, आईवडिलांनी आणि मुलीने मिळून एकच वाक्य ठरवावे, उदाहरणार्थ ‘एक ग्रुप राहिला आहे, जानेवारीत देणार आहे’, आणि घरातल्या प्रत्येकाने सर्वांना तेवढेच सांगावे. वडील एक सांगतात, काकू दुसरे सांगते आणि मुलगी गप्प बसते, अशा घरात विचारपूस कधीच संपत नाही.

पैशाचे बोलणे टाळू नये. पुढचे दोन अटेम्प्ट, त्यांचे परीक्षा शुल्क, लागल्यास क्लास, केंद्राच्या गावी राहण्याचा खर्च, असा हिशेब कागदावर मांडून आईबाबांसमोर ठेवावा. सी.ए. ऑफिसात अर्धवेळ काम किंवा अकरावी-बारावी कॉमर्सच्या शिकवण्या यांतून यातला काही भाग निघू शकतो, आणि शिकवताना पाया पक्का होतो. त्याच कागदावर पुढे जाण्याची कसोटीही लिहून ठेवावी. पद्धत खरोखर बदलून दिलेल्या दोन अटेम्प्टमध्ये अडलेल्या पेपरांचे गुण वर सरकत असतील, मग ते ३४ वरून ३९ वर का येईनात, तर पुढे जाण्याला आधार आहे. गुण जागचे हलत नसतील, तर नोकरी, एम.कॉम. किंवा कामाचा दुसरा मार्ग यांचा विचार त्याच बैठकीत उघडपणे व्हावा. मी स्वतः वयापेक्षा या गुणांच्या हालचालीला अधिक महत्त्व देतो. या काळात झोप उडाली, जेवण सुटले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर अभ्यास बाजूला ठेवून आधी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

पेपरांचे दिवस आणि त्यानंतर

मंडणगड, दापोली, देवगड किंवा दोडामार्गहून केंद्राच्या शहरी जाणाऱ्याने रोज ये-जा करू नये. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकानुसार सावकाश धावतात आणि घाटात दरड कोसळली की एस.टी.चा भरवसा राहत नाही; पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि ग्रुप संपेपर्यंत तिथेच राहावे.

पेपर संपल्यावर दोन दिवसांच्या आत प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर काय लिहायचे राहिले, कुठे वेळ गेला आणि कोणते उत्तर अंदाजाने लिहिले, हे पेन्सिलीने टिपून ठेवावे, कारण निकालापर्यंतच्या दोन महिन्यांत ही आठवण पुसली जाते. त्यानंतर आठवडाभर पुस्तक हातात घेऊ नये. मग निकाल येईपर्यंत फक्त एकच पेपर, ज्याच्या टिपणात सर्वांत जास्त प्रश्न राहिलेले दिसतात तो, रोज दीड-दोन तास चालू ठेवावा. निकाल अनुकूल लागला तर या तासांनी काही बिघडत नाही. प्रतिकूल लागला तर सर्वांत अवघड पेपरची एक फेरी झालेली असते, आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरायचा की नाही हे एका दिवसात ठरवता येते.